प्रकाश म्हणजे नेमकं काय? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अकरावी-बारावीची मुलं प्रकाशाच्या धड्यापाशी आली की ठरावीक प्रश्न हमखास विचारतात. विज्ञान प्रदर्शनात त्यांचे आई-वडील आणि आजोबाही विचारतात, आणि बऱ्याचदा मुलांपेक्षा नेमकं विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलं आहे: कुठलाही सिद्धांत सांगितला, की तो कोणत्या प्रयोगामुळे मानावा लागला तेही सांगायचं. नाहीतर हा धडा म्हणजे न्यूटन, हायगेन्स, मॅक्सवेल, आइनस्टाइन अशी पाठ करायची नावं उरतात. इतका सुंदर विषय असा वाया जाताना पाहून जीव हळहळतो.

एका वाक्यात सांगा, प्रकाश म्हणजे काय?

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा, हातात हात घालून पुढे सरकणारा तरंग. मात्र पदार्थाला ऊर्जा देताना किंवा त्याच्याकडून घेताना तो ठरावीक आकाराच्या हिश्श्यांतच देतो-घेतो. या हिश्श्याला फोटॉन म्हणतात. वाक्याचा पहिला अर्धा भाग १८६५ च्या सुमारास कळला, दुसरा १९०५ मध्ये. पुढची बहुतेक उत्तरं याच वाक्याची फोड आहेत.

आपण बघतो तेव्हा डोळ्यांतून काही बाहेर जातं का?

नाही. पण हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. प्राचीन ग्रीक विद्वानांपैकी अनेकांना तसं वाटत होतं आणि आपल्या न्यायदर्शनातही डोळ्यांतलं तेज वस्तूपर्यंत जातं असं मत होतं. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा उजेड तपासला आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, सरळ रेषेत येतो, हे पद्धतशीरपणे मांडलं.

याचा पुरावा आपल्या अंगणात पडलेला असतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा कडुनिंबाखाली जाऊन जमिनीवरचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, कवडसे मात्र गोल पडतात. का? कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे. फट छिद्राचं काम करते आणि जमीन पडद्याचं. पाच मीटर उंचीवरच्या बारीक फटीतून पडलेला कवडसा साडेचार-पावणेपाच सेंटीमीटर रुंद भरतो. टेप घेऊन मोजा. उंचीला कवडशाच्या रुंदीने भागलं की १०७ च्या आसपास आकडा येतो, आणि सूर्याच्या अंतराला त्याच्या व्यासाने भागलं तरी तोच येतो. खंडग्रास ग्रहण असेल त्या दिवशी हेच कवडसे कोरीसारखे दिसतात, सूर्याकडे थेट बघायची गरजही पडत नाही.

उन्हाळ्यात धुळे-जळगाव रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं. तो डोळ्यांचा भास आहे का?

भास नाही. मोबाइलने फोटो काढा, फोटोतही ते 'पाणी' येतं. दिसतं ते खरोखर आलेल्या प्रकाशामुळेच. फक्त तो रस्त्यावरून आलेला नसतो, आकाशातून आलेला असतो.

डांबर तापलं की त्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा बरीच गरम आणि विरळ होते. विरळ हवेत प्रकाशाचा वेग अगदी किंचित जास्त असतो. हवेच्या अपवर्तनांकातला (पदार्थात प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यातला) फरक दशांश चिन्हानंतर चौथ्या-पाचव्या घरात सापडेल एवढाच. पण तिरप्या, जवळजवळ आडव्या येणाऱ्या किरणाला तेवढं पुरतं. तरंगाचा खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा पुढे सरकतो, सगळा तरंग हळूहळू वर वळतो आणि आकाशाचा निळा-पांढरा उजेड जमिनीकडून आल्यासारखा डोळ्यांत शिरतो. हे वळण अंशाच्या काही भागाइतकंच असतं. म्हणून मृगजळ नेहमी लांबच दिसतं, आणि गाडी पुढे गेली की तेही पुढे सरकतं.

प्रकाशाचा वेग पहिल्यांदा कसा मोजला? एवढं वेगवान घड्याळ होतं कुठे?

घड्याळ वेगवान नव्हतं, अंतर अफाट होतं. गॅलिलिओ यांनी दोन टेकड्यांवर कंदील घेऊन बघण्याची कल्पना मांडली होती, पण माणसाचा हात हलायला जो वेळ लागतो त्यापुढे प्रकाशाचा वेळ काहीच नाही. १६७६ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर यांनी गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं तपासली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणं उशिरा व्हायची, जवळ येत असली की लवकर. आयो तर आपल्या ठरल्या वेळीच फिरत होता. उशीर होत होता तो बातमी इथे पोहोचायला. प्रकाशाला वेळ लागतो, हे इथे सिद्ध झालं.

जमिनीवर मोजमाप केलं फिझो यांनी, १८४९ मध्ये. फिरत्या दातेरी चाकाच्या फटीतून प्रकाश सुमारे साडेआठ किलोमीटर लांबच्या आरशाकडे पाठवायचा. परत येईपर्यंत पुढचा दाता आडवा आला की उजेड दिसेनासा होतो. चाकाचा वेग माहीत असला की झालं. त्यांचा आकडा सेकंदाला तीन लाख किलोमीटरपेक्षा थोडा जास्त आला.

१९८३ पासून प्रकाशाचा निर्वातातला वेग मोजत नाहीत, ठरवून दिलेला आहे: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. मीटरची लांबीच त्यावरून ठरते. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात.

न्यूटन कण म्हणाले, हायगेन्स तरंग म्हणाले. मग बरोबर कोण?

त्यांच्या भांडणापुरतं बोलायचं तर हायगेन्स. आणि हे सिद्ध करणारा प्रयोग शाळेत सहसा सांगत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो, हे दोघांनाही मान्य होतं. न्यूटन यांच्या मते पाणी प्रकाशकणांना आत ओढतं, म्हणून ते वळतात. म्हणजे पाण्यात त्यांचा वेग वाढायला हवा. हायगेन्स यांच्या मते तरंग पाण्यात मंदावतो म्हणून वळतो. म्हणजे एकच मोजमाप करायचं होतं: पाण्यात प्रकाश वेगाने जातो की सावकाश? १८५० मध्ये फुको यांनी फिरता आरसा आणि पाण्याने भरलेली लांब नळी घेऊन ते केलं. प्रकाश पाण्यात सावकाश निघाला. आज आपल्याला ठाऊक आहे की पाण्यात तो सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आणि काचेत दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. जळगावहून मुंबईला काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून निघालेला संदेश रेल्वेइतकं सव्वाचारशे किलोमीटर अंतर तोडायला दोन हजारांश सेकंदापेक्षा जरासा जास्त वेळ घेतो.

न्यूटन यांचा तो कणसिद्धांत तिथे संपला. आजचा फोटॉन म्हणजे त्यांचाच कण परत आला, असं काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही.

प्रकाश तरंग आहे, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल का?

येईल, आणि खर्च जवळपास शून्य. एक लाल लेझर पॉइंटर, डोक्यावरचा एक केस आणि पांढरी भिंत. लाइट गेलेली असेल तर आणखी बरं.

पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर केस उभा ताणून चिकटवा. लेझर टेबलावर पक्का ठेवा, जेणेकरून किरण नेमका केसावर पडेल. भिंत तीन मीटरवर हवी. मधोमध केसाची बारीक काळी सावली पडेल असं वाटतं, तसं होत नाही. भिंतीवर ठिपक्यांची आडवी रांग पसरते: मधे मोठा उजळ ठिपका, दोन्ही बाजूंना उजेड, अंधार, उजेड, अंधार. केस उभा असताना रांग आडवी, केस आडवा केला की रांग उभी.

आता पट्टी लावा. मधला ठिपका सोडून एकाच बाजूच्या दोन शेजारच्या काळ्या जागांमधलं अंतर मोजा. समजा ते २.८ सेंटीमीटर आलं. लाल लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.००००६५ सेंटीमीटर. तिला ३०० सेंटीमीटरने गुणा, २.८ ने भागा. उत्तर ०.००७ सेंटीमीटर. ही तुमच्या केसाची जाडी! सूक्ष्मदर्शक नाही, मायक्रोमीटर नाही, एका मिलिमीटरचा चौदावा भाग भिंतीवर मोजला गेला. केस जितका बारीक तितके ठिपके लांब लांब पडतात, हे घरातल्या लहान मुलाचा आणि आजीचा केस लावून ताडून बघा.

कण असते तर केसाने काही अडवले असते, बाकीचे सरळ गेले असते. अंधारी जागा अशा ठिकाणी पडते जिथे केसाची सावलीच नाही. तिथे उजेडात उजेड मिळून अंधार होतो, कारण एका बाजूने आलेल्या तरंगाचा उंचवटा दुसऱ्या बाजूच्या खळग्यावर येतो. थॉमस यंग यांनी १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेला प्रयोग याच जातीचा होता. त्यांच्याकडे लेझर नव्हता. खिडकीतल्या छिद्रातून आलेल्या सूर्यकिरणात त्यांनी मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची कागदी पट्टी धरली होती. पट्टीच्या एका बाजूचा उजेड अडवला की रंगीत रेघा नाहीशा व्हायच्या. म्हणजे दोन्ही बाजू लागतात. माझ्या मते सगळ्या प्रकाशशास्त्रात याहून साधा आणि याहून बोलका प्रयोग दुसरा नाही.

मोठ्या शास्त्रज्ञांनी हे लगेच मान्य केलं का?

नाही. फ्रेनेल यांनी तरंगांचं गणित पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवलं तेव्हा पोआसाँ यांनी त्याच गणितातून दाखवलं, की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजळ ठिपका पडायला हवा. हे अशक्य आहे, म्हणून सिद्धांत चूक, असा त्यांचा रोख होता. आरागो यांनी चकती घेऊन प्रयोग केला. ठिपका होता.

"मधमा काहीच नही, मंग हाऊ उजेड आठे कसा येस?"

प्रदर्शनात एका आजोबांनी अहिराणीत विचारलेला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या उत्तमोत्तम शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. आवाजाला हवा लागते, लाटेला पाणी लागतं. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधे पंधरा कोटी किलोमीटर पोकळी आहे, तरंग कशाचा?

तेव्हाचं उत्तर होतं 'ईथर', सगळीकडे भरलेला एक अदृश्य पदार्थ. तो असेल तर पृथ्वी त्यातून धावताना प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे थोडा बदलायला हवा. मायकेल्सन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला तो फरक शोधला. अपेक्षेएवढा फरक सापडलाच नाही.

खरं उत्तर त्याआधीच मॅक्सवेल यांच्या समीकरणांत होतं. बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र. दोघं एकमेकांना उभं करत पुढे जातात, त्यांना तिसऱ्या कशाचा आधार लागत नाही. मॅक्सवेल यांनी या तरंगाचा वेग काढला तो निव्वळ विजेच्या आणि चुंबकाच्या प्रयोगांतून मिळालेल्या आकड्यांवरून. त्यात दिवा, आरसा, भिंग काहीही नव्हतं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. फिझो यांनी मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाच्या इतक्या जवळ, की योगायोग म्हणणं शक्य नव्हतं. वीज, चुंबक आणि उजेड हे तीन विषय त्या एका आकड्याने एक झाले. वर्गात हा भाग शिकवताना मला दर वर्षी थांबावंसं वाटतं.

ईथरची गरज नाही, हे ठणकावून सांगितलं ते १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी. तेव्हा आजोबांना उत्तर असं: मधे काही नसलं तरी चालतं, कारण हालतं ते क्षेत्र, आणि क्षेत्र पोकळीतही असतं.

मग मोबाइल टॉवरच्या लहरी म्हणजेही प्रकाशच? त्या अंगाला बाधतात का?

जात एकच, तरंगलांबी वेगळी. दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा; वाय-फायची लहर साडेबारा सेंटीमीटरची. हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रयोगशाळेत तयार केल्या, आणि जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९५ च्या सुमारास मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केलं. आजच्या काही ५जी यंत्रणा त्याच पट्ट्याच्या आसपास चालतात.

बाधण्याचं म्हणाल तर हिशेब फोटॉनच्या ऊर्जेचा आहे. ती इलेक्ट्रॉन-व्होल्ट या अणू-रेणूंच्या मापाच्या एककात मोजतात. वाय-फायच्या फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सुमारे लाखावा भाग. दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनची दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शरीरातल्या रेणूंचे बंध तोडायला तीन-चारच्या पुढे जावं लागतं. टॉवरचा फोटॉन तिथे पोहोचतच नाही. अशा लहरी फार तीव्र असतील तर ऊती तापवू शकतात आणि म्हणूनच त्यांच्या तीव्रतेला नियमाने मर्यादा घातलेली आहे. सूर्याचे अतिनील किरण मात्र त्या हद्दीत येतात. मे महिन्यात दुपारी उघड्या अंगाने शेतात राबणं हा टॉवरपेक्षा किती तरी खरा धोका आहे. डोक्याला उपरणं बांधायची आपली जुनी रीत भौतिकशास्त्राला धरून आहे.

सगळं तरंगाने समजत होतं, मग फोटॉन कशाला आणला?

कारण एक गोष्ट समजत नव्हती. जस्ताच्या स्वच्छ पत्र्यावर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. साधा दिसणारा प्रकाश कितीही प्रखर करा, एकही उडत नाही. तरंगाच्या हिशेबाने प्रखर तरंगाने थोडं थांबून का होईना इलेक्ट्रॉन काढायलाच हवा होता.

१९०० मध्ये प्लांक यांनी तापलेल्या वस्तूंच्या उजेडाचं गणित जुळवताना ऊर्जेचे ठरावीक हिस्से धरले होते. १९०५ मध्ये आइनस्टाइन म्हणाले, प्रकाशच असा हिश्श्यांत देवाणघेवाण करतो. खान्देशात हे समजावणं सोपं आहे: शेतातला कापूस मुठीने, किलोने कितीही घ्या, पण जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडतो तो गाठींतच, अर्धी गाठ कोणी देत नाही. लाल प्रकाशाची गाठ लहान, निळ्याची मोठी, अतिनीलची त्याहून मोठी. इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच गाठ मिळते. ती पुरेशी मोठी नसेल तर लहान गाठींचा ढीग लावूनही उपयोग नाही. १९२१ चं नोबेल आइनस्टाइन यांना मुख्यतः या स्पष्टीकरणासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नाही. मिलिकन यांना ही कल्पना पटत नव्हती. त्यांनी काही वर्षं खपून अचूक मोजमाप केलं आणि आकडे आइनस्टाइन यांच्या समीकरणात चपखल बसले. १९२३ मध्ये कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून ऊर्जा आणि संवेग गमावतात हे दाखवलं, तेव्हा शंकेला फारशी जागा राहिली नाही.

घरी बघायचं असेल तर लाल आणि निळा एलईडी, एक रोधक आणि व्होल्ट कमी-जास्त करता येईल असा पुरवठा घ्या. व्होल्ट हळूहळू वाढवा. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आसपास मिणमिणायला लागतो. निळ्याला साधारण अडीच लागतात. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. लाल ६३० धरला तर सुमारे २, निळा ४७० धरला तर २.६. व्होल्टमीटर जवळपास तेच सांगतो. प्लांकचा स्थिरांक, म्हणजे फोटॉनची ऊर्जा किती ते ठरवणारा आकडा, शंभर रुपयांच्या सामानातून डोकावतो, तो असा.

खान्देशात ऊन इतकं कडक, मग सोलर पॅनेल मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज देतं का?

ऊन जास्त म्हणून जास्त वीज हे खरं, पण उष्णता जास्त म्हणून जास्त वीज हे साफ चूक. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो.

सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन लागतो. त्याहून लहान फोटॉन वाया जातो. निळा फोटॉन तिनाच्या आसपासचा. त्यातलं कामाचं तेवढं वापरलं जातं, उरलेलं पॅनेल तापवण्यात जातं. म्हणून साध्या सिलिकॉन पॅनेलच्या कार्यक्षमतेला ३० टक्क्यांच्या आसपास छत आहे आणि बाजारातली चांगली पॅनेलं २०-२३ टक्क्यांवर असतात. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. गच्चीवरचं पॅनेल भर दुपारी ६५ अंशांवर गेलं तर १४ ते १६ टक्के तिथेच गेले. पॅनेलखाली हवा खेळायला मोकळी जागा ठेवा आणि धूळ पुसा. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तत्त्व तिथेही हेच.

सोनं पिवळं आणि चांदी पांढरी का?

जळगावच्या सराफ बाजारात उभं राहून विचारावा असा हा प्रश्न आहे आणि उत्तर थक्क करणारं आहे. बहुतेक धातू सगळे रंग जवळजवळ सारखे परतवतात, म्हणून ते पांढरट चकाकतात. सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. उरतो तो पिवळा-लाल उजेड. चांदीचं तसंच शोषण अतिनील भागात होतं, जिथे आपला डोळा बघतच नाही.

सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने असतात, त्यामुळे आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेचे नियम तिथे लागू पडतात आणि इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात. त्या सरकल्या नसत्या तर सोनं चांदीसारखंच दिसलं असतं. मंगळसूत्राच्या वाट्यांचा रंग हा सापेक्षतेचा पुरावा आहे, हे मी गंभीरपणे सांगतो आहे.

नंदुरबारच्या पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचं कारण साधं आहे: तिच्यातलं रंगद्रव्य निळा-हिरवा उजेड खातं, लाल परतवतं. दिव्यात लाल रंगच कमी असेल तर परतवणार काय? जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली तीच मिरची मळकट दिसते. मिरची असो की लुगडं, पारख दिवसाउजेडीच करावी.

आकाश निळं का, आणि आपल्याकडे मे महिन्यात ते पांढुरकं का?

हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घातात बदलतं, त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० च्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. जांभळा त्याहून जास्त, पण सूर्यप्रकाशात तो कमी आणि आपल्या डोळ्याला त्याची जाण कमी. उन्हाळ्यात हवेत धूळ उडते. धुळीचे कण रेणूंपेक्षा खूप मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात आणि आकाश पांढुरकं होतं. मृगाचा पाऊस धूळ खाली बसवतो. दुसऱ्या दिवशी सातपुड्यामागचं आकाश बघा.

समुद्राच्या निळेपणावर विचार करता करता चंद्रशेखर वेंकट रामन द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाकडे वळले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला विखुरताना प्रकाशाचा काही भाग आपला रंगच बदलतो हे त्यांनी दाखवलं. शाळेत विज्ञान दिन त्याच तारखेला असतो. फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा घेतो, म्हणून रंग बदलतो.

प्रकाशाला वजन असतं का?

वस्तुमान नसतं, संवेग असतो. म्हणजे प्रकाश ढकलतो. भर दुपारी एक एकर कपाशीवर पडणारं सगळं ऊन जेमतेम दीड ग्रॅम वजनाएवढ्या जोराने दाबतं. हसू येईल, पण जपानच्या इकारोस या यानाने २०१० मध्ये अवकाशात शीड उघडून याच जोराचा उपयोग करून दाखवला.

एकेकच फोटॉन सोडला तर? तेव्हाही पट्टे दिसतात का?

दिसतात. १९०९ मध्ये केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर यांनी इतका मंद उजेड वापरला, की छायाचित्राची एक काच जवळपास तीन महिने ठेवावी लागली. सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तरीही उमटले. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी खात्रीने एकेक फोटॉन सोडून प्रयोग केला. एक फोटॉन दोन वाटांवरच्या दोन शोधकांत कधीच वाटला गेला नाही. तो एका ठिकाणीच सापडतो. पण दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या की पट्टे येतात.

तो कोणत्या वाटेने गेला, हे बघायची सोय केली की पट्टे जातात. पुंज सिद्धांताचं, म्हणजे ऊर्जेच्या अशा हिश्श्यांवर उभ्या असलेल्या सिद्धांताचं, म्हणणं असं: तरंग सांगतो फोटॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, आणि सापडतो तेव्हा तो अख्खा सापडतो. मधल्या वेळात तो 'खरा' कुठे असतो, याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा हट्ट केला तर चित्र हमखास फसतं, गणित फसत नाही. फाइनमन, श्विंगर आणि तोमोनागा यांना ज्या सिद्धांतासाठी १९६५ चं नोबेल मिळालं त्यात प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचा सगळा व्यवहार एकाच चौकटीत बसतो, आणि त्याची काही भाकितं दशांश चिन्हानंतर दहा घरांपर्यंत जुळलेली आहेत. तेव्हा 'आज तरंग, उद्या कण' असं प्रकाश रूप बदलत नाही. आपण त्याला जो प्रयोग लावतो त्याप्रमाणे त्याची एक बाजू समोर येते.

हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं, असं मोबाइलवर फिरतं. खरं आहे का?

चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यात सूर्य अर्ध्या निमिषात २२०२ योजनं जातो असा उल्लेख आहे, त्यावरून प्रकाशाचा वेग काढून दाखवतात. योजन आणि निमिष यांची मापं ग्रंथागणिक बदलतात. सोयीची निवडली की हवा तो आकडा जुळतो. ज्यामागे मोजणी सांगितलेली नाही तो शोध म्हणता येत नाही.

अभिमान बाळगायला आपल्याकडे खरी जागा आहे. चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलं आहे. गणित आणि आकाशाचे वेध शिकवायला आठशे वर्षांपूर्वी खान्देशात संस्था उभी राहिली, हे दगडावर लिहिलेलं सत्य मला त्या फिरत्या मजकुरापेक्षा शंभरपट मोलाचं वाटतं.

केसाच्या प्रयोगाला कुठला लेझर घ्यावा?

एक मिलिवॅटपेक्षा कमी ताकदीचा, लाल, ज्यावर ताकद छापलेली आहे असा. जत्रेत आणि रस्त्यावर मिळणारे स्वस्त हिरवे लेझर घेऊ नका. त्यांच्यात हिरवा प्रकाश अवरक्त लेझरपासून तयार होतो आणि अवरक्त अडवणारी गाळणी स्वस्त मालात बऱ्याचदा नसतेच. तो न दिसणारा किरण डोळ्यात गेला तरी पापणी मिटत नाही, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडलेला डाग नंतर बरा होत नाही. किरण डोळ्याच्या उंचीवर ठेवू नका, आरसा आणि चकचकीत भांडी वाटेतून काढा, आणि लहान मुलं असतील तर लेझर मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या.